होस्टिंग घेताय? आधी ते सोडून कसं जायचं ते बघा

मी रायगडातल्या छोट्या धंद्यांच्या वेबसाइट करून देतो, म्हणजे होमस्टे, दोनतीन आंबेवाले, एक क्लास, असंच सगळं, आणि महिन्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतो की दादा होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) कुठलं घेऊ, एक नाव सांग. नाव सांगून मोकळं व्हायला मलाही आवडलं असतं. पण आज झकास चालणारी कंपनी उद्या विकली जाते, सपोर्टची माणसं बदलतात, दर बदलतात, आणि मग शिव्या मला. म्हणून नाव नाही सांगत, निवडायचं कसं ते सांगतो. पहिल्यांदाच साइट करताय असं धरून लिहितोय, जुन्या जाणत्यांनी सांभाळून घ्या.

आधी आमच्या घरातलाच किस्सा. मावसभावाचं दिवेआगरला पाच खोल्यांचं होमस्टे आहे. ऐन डिसेंबरात, २२ तारखेला, त्याची साइट बंद पडली. साइट एका ओळखीच्या मुलाने करून दिली होती, आणि डोमेन म्हणजे साइटचं नाव, होस्टिंग, ईमेल सगळं त्या मुलाच्याच अकाउंटवर. कार्डावरून रिन्यूअल कटलं नाही, सूचना गेल्या त्याच्या जुन्या मेलवर, आणि पोराने नोकरी लागल्यावर नंबर बदललेला. होस्टिंगवाल्यांना फोन केला तर ते म्हणतात अकाउंट ज्याच्या नावावर त्याच्याशीच बोलणार, आणि खरं सांगायचं तर नियमाने ते बरोबरच होते. मुलगा सापडला २ जानेवारीला. थर्टी फर्स्ट गेला तो गेलाच.

तेव्हापासून माझा हिशोब एकच आहे. एका दुपारीत आपलं सगळं सामान उचलून जिथून बाहेर पडता येतं ते होस्टिंग भरवशाचं. बंद तर सगळीच पडतात कधी ना कधी, पण पडल्यावर आपण अडकून बसतो का, हे आपल्या हातात असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने लावल्यात.

पायरी १: तुम्हाला होस्टिंग लागतं तरी का ते बघा

चार पानांची साइट असेल, फोटो, पत्ता, नकाशा, व्हॉट्सअॅपचं बटण, बस एवढंच, तर विकतचं होस्टिंग नाही घेतलं तरी चालतं. क्लाउडफ्लेअर पेजेससारख्या ठिकाणी अशी स्थिर पानं फुकट ठेवता येतात आणि ती पळतातही छान. गिटहब पेजेस पण फुकट आहे पण ते ऑनलाइन धंदा चालवायला नाही असं त्यांच्याच नियमात लिहिलंय, त्यामुळे दुकान असेल तर तिकडे नको. फक्त ही पानं बनवायला थोडं कोडिंग यावं लागतं किंवा येणारा कुणीतरी घरात पाहिजे.

स्वतःच मजकूर बदलायचा असेल, बुकिंगचा फॉर्म, ब्लॉग, दुकान वगैरे हवं असेल तर बहुतेक जण वर्डप्रेसकडे जातात, म्हणजे कोडिंगशिवाय साइट चालवायच्या सॉफ्टवेअरकडे, जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्याच्यावर आहेत. त्याला साधं शेअर्ड होस्टिंग पुरतं. शेअर्ड म्हणजे एका मशीनवर शेकडो बिऱ्हाडं, चाळीतल्या नळासारखं, एकाने बादल्या लावल्या की दुसऱ्याकडे धार बारीक. व्हीपीएस म्हणजे स्वतःचा वेगळा नळ, पण वॉशर बदलण्यापासून सगळं तुम्हीच करायचं, सर्व्हर म्हणजे साइट जिथे ठेवलेली ते मशीन अपडेट करायचं, सुरक्षेचं बघायचं. कुणी नवख्याला व्हीपीएस घे म्हणून सल्ला देत असेल तर त्याला विचारा की रात्री दोनला बंद पडला तर तू येणार का.

पायरी २: डोमेन आधी, आणि स्वतःच्या नावावर

ही पायरी चुकवू नका, बाकी सगळं एक वेळ चुकलं तरी चालेल. डोमेन म्हणजे तुमचं नाव आणि होस्टिंग म्हणजे जागा. जागा बदलता येते, नाव गेलं की गेलं.

होस्टिंगबरोबर डोमेन पहिल्या वर्षी फुकट देतात, मोह होतो, पण मी दोन्ही वेगळ्या कंपन्यांकडे ठेवतो. एकाशी भांडण झालं तर दुसऱ्याकडे जाऊन डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवायचं, विषय संपला. डॉट कॉमला वर्षाला हजार-पंधराशे रुपये पडतात, तेवढ्यासाठी फुकटाच्या नादी लागू नये असं माझं मत.

नाव, मेल, मोबाइल तुमचा स्वतःचा टाका. साइट करून देणाऱ्याचा नाही, भाच्याचा नाही, ऑफिसातल्या पोराचा तर अजिबात नाही. आणि मेल टाकताना त्याच डोमेनवरचा मेल टाकू नका, डोमेन बंद पडलं की तो मेलही बंद, मग सूचना येणार कुठे, साधं जीमेल द्या. डॉट कॉम घेतल्यावर मेलवर एक पडताळणीची लिंक येते, तिच्यावर १५ दिवसांत क्लिक केलं नाही तर डोमेन स्थगित करतात. बऱ्याच जणांना ती जाहिरात वाटते आणि मग साइट का उघडत नाही म्हणून फोन येतात. नवीन घेतलेलं डॉट कॉम ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही हेही लक्षात ठेवा, म्हणजे सुरुवातीलाच नीट जागी घ्या. डॅशबोर्डमध्ये ऑथ कोड की ईपीपी कोड असं काहीतरी असतं, डोमेन हलवायची ती किल्ली. तो कोड स्वतःला काढता येतो का, की सपोर्टला विनवण्या कराव्या लागतात, हे विकत घ्यायच्या आधी विचारून घ्या.

डॉट कॉम आणि डॉट इन यातलं कुठलं? गिऱ्हाईक इथलंच असेल तर डॉट इन मस्त, ते निक्सीच्या म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या देखरेखीखाली चालतं. देवनागरीतलं डॉट भारत पण २०१४ पासून मिळतं, मला फार आवडतं ते, पण मुख्य पत्ता म्हणून नका घेऊ, त्याच्यावरचा ईमेल पत्ता अजून कितीतरी फॉर्म स्वीकारतच नाहीत. जोडीला घेऊन ठेवा हवं तर.

पायरी ३: दर बघताना जाहिरातीतला आकडा झाकून ठेवा

मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा हा पहिल्या मुदतीचा असतो, तोही चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर. बारीक अक्षरात खाली रिन्यूअलचा दर असतो, खरा दर तो. समजा जाहिरातीत महिना १४९ रुपये आहे आणि मुदत ४८ महिने. म्हणजे आज खिशातून ७,१५२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, झाले ८,४३९. आणि रिन्यूअल महिना ४४९ ने असेल तर पुढे दर वर्षाला ५,३८८ अधिक जीएसटी, म्हणजे ६,३५८. चार वर्षांना जेवढं दिलं त्याचा पाऊण हिस्सा नंतर एका वर्षात जातो. आकडे मी समजावायला घेतलेत, पण हिशोब असाच निघतो, स्वतः वहीत करून बघा.

चार वर्षांचं घेऊ का? स्वस्त पडतं हे खरं. पण नव्या कंपनीकडे मी पहिल्यांदा एक वर्षाचंच घेतो, थोडं महाग पडलं तरी. पैसे आधीच देऊन बसलं की साइट रडतखडत चालली तरी आपण म्हणतो जाऊ दे, पैसे भरलेत ना.

चेकआउटच्या पानावर हळू जा. साइट सिक्युरिटी, एसईओ टूल, प्रायॉरिटी सपोर्ट, असले टिकमार्क आधीच लावून ठेवलेले असतात, ते काढा. एसएसएलचे (ब्राउझरमधल्या सुरक्षित कुलपाचे) वेगळे पैसे मागत असतील तर मी तिथूनच परत फिरतो, लेट्स एन्क्रिप्टने २०१५ पासून ते फुकट दिलंय आणि सरळ कंपन्या एका क्लिकमध्ये लावून देतात.

आता ऑटो रिन्यूअल, इथेच आपल्याकडची मंडळी फसतात. रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून असा आहे की कार्डावरून आपोआप पैसे कटायचे असतील तर बँकेकडे त्याची ई-मॅन्डेट नोंद, म्हणजे तुमची आधीच दिलेली परवानगी लागते, आणि २०२२ साली ठरलेल्या मर्यादेप्रमाणे १५,००० च्या वरची रक्कम असेल तर ओटीपीशिवाय कटत नाही. परदेशी कंपनीकडे ही नोंद नीट झालेली नसेल तर ऑटो रिन्यू चालू दिसतं, हिरवं बटण असतं, आणि त्या दिवशी पैसे मात्र जात नाहीत. मावसभावाचं हेच झालेलं. त्यामुळे यूपीआय किंवा नेटबँकिंग घेणारी, रुपयांत बिल देणारी, जीएसटी नंबर टाकून घेणारी कंपनी मिळाली तर मी तिला दोन मार्क जास्त देतो. डॉलरमधल्या बिलावर बँक वरून कन्व्हर्जनचा चार्ज लावते तो वेगळाच.

पायरी ४: रिव्ह्यू वाचा, पण कुणी लिहिलाय ते आधी

"२०२५ चे टॉप १० होस्टिंग" छापाचे लेख आणि व्हिडिओ बहुतेक कमिशनवर चालतात. त्यातल्या लिंकवरून तुम्ही होस्टिंग घेतलं की लिहिणाऱ्याला हजारो रुपये मिळतात, आणि जास्त कमिशन देणारी कंपनी यादीत वर कशी येते ते तुम्हीच ओळखा. कमिशन घेणं गुन्हा नाही हो, पण तो सल्ला नाही, विक्री आहे. मी तक्रारी वाचतो. एक स्टार दिलेले रिव्ह्यू काढा, मागच्या सहा महिन्यांतलेच, आणि त्यात एकच रड पुन्हा पुन्हा दिसते का बघा. "साइट स्लो" असं सगळ्यांबद्दलच असतं, सोडून द्या. "अकाउंट बंद केलं आणि बॅकअप पण दिला नाही" असं चारपाच जणांनी लिहिलं असेल तर पळा.

अजून एक गंमत. दहा नावं दिसतात पण मालक तीनचारच असतात. आपल्या मुंबईत तुरखिया बंधूंनी डिरेक्टी उभी केली, तिच्यातले बिगरॉक, रिसेलरक्लब वगैरे ब्रँड २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स कंपनीने घेतले, ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर आधीपासून तिच्याकडेच होते, आणि २०२१ मध्ये ही एन्ड्युरन्सच दुसऱ्या कंपनीत मिसळून न्यूफोल्ड डिजिटल झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात त्यांच्या एका डेटा सेंटरमध्ये, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या इमारतीत बिघाड झाला तेव्हा ब्लूहोस्ट, होस्टगेटर, होस्टमॉन्स्टर, जस्टहोस्ट असे सगळे एकदम झोपले. म्हणजे एकावर वैतागून दुसरीकडे गेलात तरी कधी कधी तुम्ही त्याच वाड्यातल्या दुसऱ्या खोलीत गेलेले असता. कंपनीच्या साइटवर तळाशी मालकाचं नाव असतं, नाहीतर अटींच्या पानावर, तेवढं बघून घ्या.

पायरी ५: सर्व्हर कुठे आहे

आमच्याकडे पुण्याची माणसं ताम्हिणी घाटातून येतात. तिथे रेंजची बोंब, आणि नेमकी तेव्हाच त्यांना होमस्टेचा नकाशा बघायचा असतो. पान उघडायला मोबाइल आणि सर्व्हर यांच्यात तीनचार हेलपाटे होतात, आधी ओळख, मग कुलूपकिल्लीची देवाणघेवाण, मग कुठे पान. सर्व्हर मुंबईत असेल तर एक हेलपाटा साधारण दहावीस मिलिसेकंदांत होतो, सिंगापूरला साठसत्तर, अमेरिकेत दोनशेच्या वर. चार हेलपाट्यांचा गुणाकार करा. चांगल्या नेटवर जाणवत नाही पण घाटात जाणवतं.

त्यामुळे गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर मुंबईचं डेटा सेंटर निवडा. ते मिळतंही आता सहज, अॅमेझॉनची मुंबई रीजन २०१६ पासून आहे, गुगलची २०१७ पासून, ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात तर डेटा सेंटरची रांगच आहे, नाशकातही आहेत. पण "इंडियन होस्टिंग" लिहिलंय म्हणजे सर्व्हर इथेच असेल असं नाही, ऑफिस इथलं आणि मशीन भलतीकडे असंही असतं. ऑर्डर देताना ठिकाण निवडायला मिळतं का ते बघा आणि चॅटवर लेखी विचारा. तुमचे वाचक दुबईत, लंडनला, न्यू जर्सीत पसरलेले असतील, दिवाळी अंकाची साइट वगैरे, तर मग मुंबईचा हट्ट नको, पुढे सीडीएन, म्हणजे जगभर साइटच्या प्रती ठेवणारी सेवा, लावला की काम होतं.

पायरी ६: अनलिमिटेडचा अर्थ

अनलिमिटेड काहीच नसतं. जागा अनलिमिटेड लिहितात आणि अटींमध्ये आयनोडची मर्यादा असते, म्हणजे फायली किती ठेवायच्या त्याची. फोटो, मेल, साइटने वेगासाठी साठवलेल्या तात्पुरत्या प्रती, सगळ्या फायलीच, वर्डप्रेस एका फोटोचे पाचसहा आकार करून ठेवतं त्यामुळे आकडा भराभर चढतो. सीपीयू, मेमरी आणि एका वेळी किती मागण्या घेणार यालाही मर्यादा असते. ती ओलांडली की साइट अडखळते, आणि एका वेळच्या मागण्यांची मर्यादा भरली की पाहुण्यांना बऱ्याचदा ५०८ आकड्याचा एरर दिसतो, रिसोर्स लिमिट म्हणून. लॉन्ग वीकेंडच्या आदल्या गुरुवारी रात्री दहाला हे होतं, एरवी कधी होत नाही. विकत घेण्याआधी हे चार आकडे मागा: आयनोड, सीपीयू, मेमरी, एन्ट्री प्रोसेस (म्हणजे एका वेळच्या मागण्या). सांगत नाहीत त्यांच्याकडे जाऊ नका. जोडीला पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं तिची, कुठली आवृत्ती मिळते ते विचारा, ७.४ चा अधिकृत सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला, अजून तिथेच अडकलेला होस्ट बाकी काय अपडेट करत असेल याचा अंदाज घ्या.

पायरी ७: ९९.९ टक्के म्हणजे किती

९९.९ टक्के अपटाइम (साइट चालू राहायचा वेळ) म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद राहायची परवानगी. ९९ टक्के म्हणजे महिन्याला सात तासांच्या वर. दशांशापुढच्या एका आकड्याचा फरक दिसतो लहान, आहे मोठा. आणि हमी मोडली तर काय देतात ते वाचा, बहुतेक ठिकाणी महिन्याच्या भाड्यातला काही हिस्सा पुढच्या बिलात वळता करतात. २०० रुपयांच्या भाड्यातले दहा रुपये परत आले तर त्यात वडापाव पण येत नाही. म्हणून मी हमीवर फार जात नाही, स्वतः मोजतो. अपटाइमरोबोटसारखं टूल दर ५ मिनिटांनी साइट उघडून बघतं आणि बंद दिसली की मेल टाकतं. पहिल्या महिन्यात हे लावाच, कारण पैसे परत मागायची मुदत बहुतेकांकडे ३० दिवसांची असते. त्या ३० दिवसांत साइट खरी चढवा, रिकामं पान ठेवून काही कळत नाही.

पायरी ८: बॅकअप, आणि तो दुसरीकडे

१० मार्च २०२१ ला मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच या बड्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, शेजारचीचा काही भाग गेला, ३६ लाखांच्या आसपास वेबसाइट बंद पडल्या. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. पण ज्यांनी पैसे भरून बॅकअपची सोय घेतली होती त्यातल्या एका गिऱ्हाइकाचा बॅकअप त्याच इमारतीत ठेवलेला निघाला, २०२३ मध्ये तिथल्या कोर्टाने कंपनीला त्याबद्दल भरपाई द्यायला लावली. भरपाई मिळाली, डेटा नाही मिळाला.

होस्टिंगवाले "डेली बॅकअप" म्हणतात तेव्हा विचारा की किती दिवसांचे ठेवता, परत चढवायचे पैसे लागतात का, आणि मला तो स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घेता येतो का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वर्डप्रेस असेल तर बॅकअप घेणारं अपड्राफ्टप्लस हे प्लगइन टाका, आठवड्यातून एकदा गुगल ड्राइव्हवर जाऊ द्या. आणि एकदा तरी तो बॅकअप दुसरीकडे चढवून बघा, चालत नसलेला बॅकअप म्हणजे नुसती झिप फाइल.

पायरी ९: सपोर्टची परीक्षा, पैसे देण्याआधी

रविवारी रात्री अकराला चॅट उघडा. "तुमचं होस्टिंग चांगलं आहे का" विचारलं तर हो म्हणणारच. त्यापेक्षा हे विचारा: मला साइट दुसरीकडे न्यायची झाली तर पूर्ण सीपॅनेल बॅकअप (सीपॅनेल म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पान) मी स्वतः उतरवू शकतो का? माझी मुदत संपल्यावर डेटा किती दिवस ठेवता? उत्तर किती वेळात येतं ते नाही, उत्तर प्रश्नाचं आहे का ते बघा. लिंक चिकटवून पळाला तर समजून जा. मी एकदा विचारलं सोडून जायचं कसं, तर पलीकडचा म्हणाला सर आपण अजून आलाच नाहीत, आणि मग व्यवस्थित चार ओळींत सगळं समजावलं. त्यांच्याकडे घेतलं मी, अजून आहे.

पायरी १०: ईमेल वेगळा ठेवा

होस्टिंगबरोबर फुकट मेल मिळतो, पण शेअर्ड सर्व्हरवरच्या दुसऱ्या कुणी स्पॅम पाठवला की तुमचे बुकिंगचे मेलही स्पॅममध्ये जायला लागतात. गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम अजून कडक केलेत, एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे सांगणाऱ्या डोमेनवरच्या नोंदी, नसतील तर मेल पोचायची खात्री नाही. मेल झोहो किंवा गुगलकडे वेगळा घ्या, वर्षाला थोडे पैसे जातात पण होस्टिंग बदललं तरी मेल जागेवर राहतो. हलवाहलवीत माणसं सगळ्यात जास्त रडतात ती जुन्या मेलसाठी.

पायरी ११: घेतल्यावर लगेच

पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहा: डोमेन कुठे, होस्टिंग कुठे, मेल कुठे, प्रत्येकाचं लॉगिन कुठल्या मेलवर, संपायची तारीख. पासवर्ड कागदावर नको, पासवर्ड मॅनेजरमध्ये. तिन्हीकडे टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डच्या जोडीला ओटीपीसारखी दुसरी खात्री, चालू करा. कागदाचा फोटो बायकोला किंवा नवऱ्याला पाठवून ठेवा, कारण आजारी पडायची वेळ सांगून येत नाही आणि साइट बंद पडायचीही.

कधी हलवायची वेळ आलीच तर जुनं बंद करायची घाई करू नका. आधी नव्या होस्टिंगवर साइट चढवा, तपासा, डोमेनची टीटीएल (जुना पत्ता इंटरनेटवर किती वेळ लक्षात ठेवला जातो तो आकडा) आदल्या दिवशी कमी करा, मग डोमेन वळवा, आणि जुनं होस्टिंग दोन आठवडे तरी चालू राहू द्या. शुक्रवारी संध्याकाळी हलवू नका. मंगळवार बरा.

संपायच्या तारखेच्या ४५ दिवस आधीचं रिमाइंडर मोबाइलवर लावा. डॉट कॉम मुदत संपल्यावर बऱ्याच ठिकाणी काही आठवडे नेहमीच्या दराने मिळतं, नंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ येतो आणि त्यात सोडवून घ्यायचे पैसे अनेक पटींनी लागतात. मावसभावाचा मोबाइलवर विश्वास नाही, त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलाय, शेजारी लिहिलंय डोमेन, आणि गॅस सिलेंडरची तारीख पण त्याच चौकोनात कोंबली आहे.